पिल्लाच्या भीतीचं पंचांग

कुत्र्यांचा माजाचा हंगाम भाद्रपदात येतो, हे गावाकडच्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. कुत्री गाभण राहिली की साधारण ६३ दिवसांनी विते. म्हणजे भाद्रपदातला हिशोब कार्तिकात पूर्ण होतो आणि दिवाळीच्या मागेपुढे बंद दुकानांच्या पायऱ्यांखाली, बांधकामाच्या वाळूच्या ढिगाआड पिल्लांची कुईकुई सुरू होते. कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा गेली अनेक वर्षं अभ्यास करत आहेत. त्यांच्या नोंदींतही पिल्लांचा मुख्य मोसम हिवाळ्याचाच आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जन्मलेलं पिल्लू मकर संक्रांतीला नऊ-दहा आठवड्यांचं झालेलं असतं. आणि सोलापुरात संक्रांत म्हणजे सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा.

सात नंदीध्वजांची मिरवणूक, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम, आणि मग होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम. शहर वर्षभर या दिवसांची वाट पाहतं. पण याच दिवसांत, याच आवाजात, शहरातल्या शेकडो पिल्लांच्या डोक्यात जगाविषयीची पहिली पक्की नोंद होत असते. सोलापूरहून निघणारं दाते पंचांग मराठी घरांतून वर्षाचे सण नि मुहूर्त सांगतं. कुत्र्याच्या पिल्लाच्या वाढीलाही तसंच एक पंचांग आहे. ते सणांच्या पंचांगाशेजारी ठेवून वाचलं, तर घाबरट म्हणून हिणवल्या जाणाऱ्या कितीतरी कुत्र्यांची गोष्ट उलगडते.

या दुसऱ्या पंचांगाची पहिली पानं अमेरिकेत लिहिली गेली. मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांच्या वाढीचा अभ्यास केला आणि १९६५ मध्ये तो ग्रंथरूपात आला. त्याआधी, १९६१ मध्ये, तिथल्याच डॅनियल फ्रीडमन, जॉन किंग आणि ऑर्व्हिल एलियट यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. उंच कुंपण घातलेल्या शेतात कुत्र्या आणि त्यांची पिल्लं माणसांपासून दूर ठेवली. ठरावीक वयाची पिल्लं आठवडाभरासाठी बाहेर काढून माणसांत आणायची आणि पुन्हा शेतात सोडायची. पाचव्या ते नवव्या आठवड्याच्या दरम्यान माणसं भेटलेली पिल्लं माणसाळली. जी चौदा आठवड्यांची होईपर्यंत बाहेर आलीच नाहीत, ती रानटी जनावरासारखी बुजून राहिली आणि नंतर कितीही हाताळली तरी पुरती सावरली नाहीत.

तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या या खिडकीत पिल्लू जे पाहतं, हुंगतं, ऐकतं, ते त्याच्या जगाचा भाग होतं. खिडकी लावून घेतल्यावर जे समोर येतं, ते आधी शत्रू ठरतं. मात्र खिडकीच्या आतच एक नाजूक टप्पा असतो. सुरुवातीला प्रत्येक नव्या गोष्टीकडे धावत जाणारं पिल्लू आठ-दहा आठवड्यांच्या आसपास बिचकायला लागतं. या दिवसांत बसलेला एखादा मोठा धसका खोल रुततो. सगळ्यांचं वेळापत्रक सारखंही नसतं. जर्मन शेफर्डची पिल्लं कॅव्हेलियर स्पॅनियलच्या पिल्लांपेक्षा लवकर बुजू लागतात, असं मोजमापातून दिसलं आहे.

निसर्गाच्या दृष्टीने यात काही बिघडलेलं नाही. आईच्या कुशीतून बाहेर पडून पिल्लू लांब भटकू लागतं, नेमकं तेव्हाच त्याला भीती वाटू लागणं हे त्याच्या जिवाचं रक्षण आहे. रस्त्यावरच्या पिल्लांच्या बाबतीत तर ही भीती किती सार्थ आहे, ते भद्रा यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवून दिलं. ९५ वेतांमधल्या ३६४ पिल्लांवर त्यांनी लक्ष ठेवलं. सात महिन्यांचं होईपर्यंत त्यातली केवळ १९ टक्के जगली. झालेल्या मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे कुठल्या ना कुठल्या प्रकारे माणूस होता. वाहनाचा आवाज ऐकून दचकणारं पिल्लू मूर्ख नसतं.

घरी आणलेल्या पिल्लाची अडचण वेगळी. ते अनेकदा वेळेआधीच आईपासून तोडलेलं असतं. २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्रीच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरी पस्तीस-चाळीस दिवसांची पिल्लं सर्रास हातोहात दिली जातात, कारण ती इवलीशी असताना गिऱ्हाइकाला जास्त गोड दिसतात. भावंडांशी कुस्ती करत चावा किती जोराने घ्यायचा हे शिकण्याचे, आईच्या शांतपणातून जगाचा अंदाज घेण्याचे दिवस त्यात वाया जातात. मग नव्या घरात दुसरा पेच उभा राहतो तो लसीचा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने थेट सोळाव्या आठवड्यापर्यंत. ‘पार्व्हो’चा विषाणू पिल्लाचा दोन-तीन दिवसांत जीव घेऊ शकतो, त्यामुळे ‘लसी पूर्ण होईपर्यंत घराबाहेर काढू नका’ हा सल्ला मायेपोटीच दिला जातो. पण तो शब्दशः पाळला, तर लसी संपतात तेव्हा खिडकीही लागलेली असते. अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यकांच्या संघटनेने २००८ मध्ये याबाबत स्पष्ट भूमिका घेतली: पहिली लस आणि जंताचं औषध दिल्यानंतर आठवडाभराने पिल्लाची जगाशी ओळख सुरू करावी, सगळे डोस संपण्याची वाट पाहू नये.

सोलापुरात हे जमवणं अवघड नाही. पिल्लाला जमिनीवर ठेवायचंच नाही, कडेवर घ्यायचं. सकाळी संभाजी तलावाच्या बाजूला फिरायला आलेली माणसं, शाळेला निघालेली मुलं, काठी टेकत चाललेले आजोबा, हेल्मेट घातलेला दुचाकीस्वार, नऊवारीतल्या आजी, बुरख्यातल्या बायका, भाजीची हातगाडी, हे सगळं दहा-पंधरा मिनिटं कुशीतून पाहायचं आणि घरी यायचं. अनोळखी कुत्री जिथे बसतात-उठतात तिथे त्याचे पाय लागू द्यायचे नाहीत. लसीकरण झालेलं, शांत स्वभावाचं ओळखीचं मोठं कुत्रं मात्र जरूर भेटवावं. त्याच्याइतका चांगला शिक्षक माणसालाही होता येत नाही.

आवाजांची ओळख हा सोलापुरात खास विचार करण्याचा विषय आहे. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खटखटाट दिवसरात्र चालतो. त्या गल्लीत जन्मलेलं पिल्लू त्या आवाजात गाढ झोपतं, कारण ताल ठरलेला आहे आणि त्याच्यामागून कधीच काही वाईट येत नाही. म्हणून ते सुतळी बॉम्बलाही सरावलेलं असेल, अशी मालकाची समजूत होते आणि इथेच घात होतो. एकसारख्या आवाजाची सवय अवचित धमाक्याला उपयोगी पडत नाही. आवाज कधी येणार, कुठून येणार, थांबणार कधी, यातलं काहीच फटाक्याच्या बाबतीत कुत्र्याला कळत नाही. माणसाला ऐकू येणाऱ्या कंपनांची वरची मर्यादा सेकंदाला सुमारे २०,००० आहे, कुत्र्याची ४५,००० च्या घरात. फिनलंडमधल्या १३,७१५ पाळीव कुत्र्यांच्या २०२० मधल्या पाहणीत सर्वाधिक आढळलेला त्रास हा आवाजाच्या भीतीचाच होता. ३२ टक्के कुत्र्यांत तो होता.

या भीतीवरचा उपाय मुळात एका लहान मुलासाठी शोधला गेला, ही गोष्ट कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. पीटरला सशाची भयंकर भीती वाटे. जोन्सबाईंनी त्याला आवडीचं खायला दिलं आणि तो खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला, पीटरचं खाणं थांबणार नाही इतक्या लांब. पुढे दर वेळी थोडा जवळ. शेवटी पीटर सशाला स्वतःची बोटं हुंगू-चावू देऊ लागला. शंभर वर्षांनंतर जगभरचे जाणते श्वानप्रशिक्षक हेच करतात. अंतर, आवडीचा खाऊ आणि घाई न करणं, एवढंच त्याचं भांडवल.

हलगीचंच उदाहरण घेऊ. मिरवणुकीतली हलगी ऐकून पिल्लू पायात शेपूट घालतं, मागे ओढ घेतं. घरातला कर्ता म्हणतो, ‘न्या जवळ, एकदा कळू दे की काही होत नाही.’ त्याच्या मनात पिल्लाचं भलंच असतं, पण जवळ नेलेल्या पिल्लाला एवढंच कळतं की सुटका नाही आणि आपला माणूसही आपलं ऐकत नाही. त्याऐवजी वळायचं आणि दोन गल्ल्या मागे यायचं. आवाज ऐकू येतोय पण पिल्लू खाऊ घेतंय, अशी जागा सापडेपर्यंत मागे यायचं. तिथे हलगी वाजली की लगेच उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा. वाजली की तुकडा, थांबली की तुकडाही थांबला. आधी आवाज, मग खाऊ, हा क्रम उलटा होऊ द्यायचा नाही, नाहीतर खाऊच संकटाची वर्दी वाटू लागतो. पाच मिनिटांत आवरून घरी. पुढच्या वेळी अंतर थोडं कमी करायचं, आणि पिल्लाला झेपलं नाही तर पुन्हा वाढवायचं.

खाऊ काय द्यावा? उकडलेलं अंडं, चिकन, पनीर, दह्यात कालवलेली ज्वारीची भाकरी, काहीही चालेल. फक्त सोलापूरच्या ताटातली शेंगा चटणी कुत्र्याला चाटवू नये. तिच्यात लसूण असतो, आणि लसूण-कांदा कुत्र्याच्या तांबड्या पेशींचा नाश करतात.

खाऊ नाकारणं ही मालकाला मिळणारी सगळ्यात स्पष्ट खूण. एरवी अधाशी असलेलं पिल्लू चिकनकडे बघत नसेल, तर ते शिकण्याच्या पलीकडे गेलंय, तिथून निघायचं. त्याच्याही आधी बारीक खुणा दिसतात: झोप नसताना जांभई, पुन्हा पुन्हा ओठ चाटणं, कान मागे, एक पंजा अधांतरी, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, अंग ओलं नसताना झाडणं. या वाचायला शिकलेल्या घरातली कुत्री सहसा गुरगुरण्यापर्यंत जात नाहीत, कारण त्यांना आवाज चढवावाच लागत नाही.

आणि घाबरलेल्या पिल्लाला जवळ घेतलं तर ते आणखी भित्रं होतं, ही समजूत तर आता मोडीत काढायला हवी. भीती ही आतून उसळणारी अवस्था आहे, बक्षिसासाठी केलेलं नाटक नव्हे. पिल्लू स्वतः बिलगत असेल तर त्याला बिलगू द्यावं, पाठीवरून सावकाश हात फिरवावा. रस्त्यावरच्या कुत्र्यांना अनोळखी माणसाने वारंवार कुरवाळलं आणि खायलाही दिलं, तर त्यांचा विश्वास खाण्यापेक्षा कुरवाळण्याने जास्त वाढतो, असं आयसरच्याच अभ्यासात दिसलं होतं. मात्र पिल्लू दडून बसलं असेल, तर ओढून मांडीवर घेणं हीसुद्धा जबरदस्तीच.

संक्रांत पार पडली की घरातले निर्धास्त होतात. पिल्लू चार महिन्यांचं होतं, खेळकर होतं. तेवढ्यात उन्हाळा लागतो. सोलापुरात पारा चाळीसच्या पुढे जातो, डांबर पंजे भाजण्याइतकं तापतं, आणि पिल्लू महिनोन्‌महिने पंख्याखाली फरशीवर पडून राहतं. फिरणं बंद, माणसं बंद. त्यात वळवाच्या पावसाचा पहिला गडगडाट. हा उन्हाळ्याचा खंड इथल्या कुत्र्यांच्या वाढीतला मोठा तोटा आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. उजाडायच्या आत अर्धा तास काढला तरी हा तोटा भरून निघतो. स्टेशनकडची पहाटेची वर्दळ, दूधवाले, झाडलोट करणारे कामगार, मंडईत उतरणारा माल, जगाचा बराच मोठा भाग सूर्य वर येण्याआधी पाहून होतो.

पुढे पावसाळ्यात, सहा महिन्यांपासून वर्ष-सव्वा वर्षापर्यंत, कुत्रा वयात येतो. कालपर्यंत ज्या पिंपाशेजारून तो रोज जात होता, त्याच पिंपावर आज भुंकतो, अंगावरचे केस उभे राहतात. ओळखीचा पाहुणा परका वाटतो. प्रशिक्षक याला भीतीचा दुसरा टप्पा म्हणतात. याचा पुरावा पहिल्या टप्प्याइतका भक्कम नाही, पण या वयात कुत्रा बदलतो हे मोजलं गेलं आहे. ब्रिटनमध्ये अंधांसाठी तयार होणाऱ्या कुत्र्यांचा लूसी अ‍ॅशर यांच्या गटाने अभ्यास केला आणि २०२० मध्ये निष्कर्ष मांडले. पाच महिन्यांचे असताना ‘बस’ म्हटल्यावर बसणारे हेच कुत्रे आठ महिन्यांचे झाल्यावर सांभाळणाऱ्या माणसाचं कमी ऐकू लागले, अनोळखी माणसाचं मात्र ऐकत राहिले. माणसाच्या घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची आठवण यावी असंच हे. कित्येक कुत्री याच वयात ‘डोक्यात गेली’ म्हणून मार खातात किंवा सोडून दिली जातात. खरं तर हीच वेळ धीर धरायची असते.

कार्तिकात जन्मलेल्या कुत्र्याला या अवस्थेत पुन्हा भाद्रपद गाठतो. वय नऊ-दहा महिने, आणि समोर गणेशोत्सव. सोलापूरच्या मिरवणुकांतली लेझीम पाहायला लोक लांबून येतात, तिचा नाद कुत्र्यालाही लांबून सोसतो. पण भिंती हादरवणाऱ्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतीपुढे वयात आलेला कुत्रा घेऊन उभं राहणं म्हणजे दहा महिन्यांची मेहनत एका संध्याकाळी घालवणं.

सोलापूरच्या परिसरात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: इथला कारवान. लांब पाय, खोल छाती, निमुळतं तोंड. सोलापूर, लातूर, धाराशिवच्या माळरानांवर ससे धरण्यासाठी जोपासलेला हा शिकारी कुत्रा. विजापूर ओलांडून पुढे बागलकोट जिल्ह्यात मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी याच कुळाला राजाश्रय दिला आणि तो मुधोळ हाउंड म्हणून प्रसिद्ध झाला. २००५ मध्ये त्याचं टपाल तिकीट निघालं. २०१६ मध्ये लष्कराच्या मेरठच्या केंद्रात मुधोळची पिल्लं प्रशिक्षणाला गेली, आणि २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या सुरक्षेच्या विशेष दलाने मुधोळजवळच्या तिम्मापूर इथल्या श्वान संशोधन केंद्रातून दोन पिल्लं नेली. ती जेमतेम दोन महिन्यांची होती. निवड करणाऱ्यांनी वय बरोबर साधलं, असंच म्हणावं लागेल. कारण हा कुत्रा जात्याच परक्या माणसाला अंगाला हात लावू देत नाही. वस्तीवर वाढलेला कारवान घरच्या चार माणसांपलीकडे कोणाला ओळखत नाही, आणि शेतावर त्याचं काही अडतही नाही. पण अलीकडे ऐटीसाठी तो शहरात आणला जातो. सहा-सात महिन्यांचा, कधी लिफ्ट न पाहिलेला, कधी फरशीवर न चाललेला कारवान जुळे सोलापुरातल्या तिसऱ्या मजल्यावर आला, की तो कोपरा धरून बसतो आणि लोक म्हणतात, ‘दिसायला वाघ, पण काळीज सशाचं.’ हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला वस्तीवरच, पिल्लू असतानाच, दहा वेगवेगळ्या हातांनी उचललं असतं, तर हाच कुत्रा गर्दीत शांत उभा राहिला असता.

भित्र्या कुत्र्याचा प्रश्न मालकाच्या उंबऱ्याशी संपत नाही. कुत्र्याच्या चाव्यांमागे भीती हे मोठं कारण असतं. पळायला वाट नसलेला, दोरीने बांधलेला, कोपऱ्यात सापडलेला कुत्रा शेवटी दात वापरतो. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात नसबंदी आणि लसीकरण झालेल्या भटक्या कुत्र्यांना मूळ जागी परत सोडायला सांगितलं, पण पिसाळलेले आणि आक्रमक कुत्रे त्यातून वगळले. आक्रमक ठरलेल्या त्या कुत्र्यांत भेदरलेले किती, हे ओळखणारी नजर पकडणाऱ्यांपाशी आणि गल्लीतल्या लोकांपाशीही असली पाहिजे. पिल्लावर दगड मारणाऱ्या मुलाला आत्ता अडवणं हा त्या गल्लीतले पुढचे चावे टाळण्याचा स्वस्त उपाय आहे.

मग दारूकामाच्या रात्री करायचं काय? कायद्याची मदत थोडी आहे. फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा जास्त आवाजाचे फटाके चालत नाहीत, आणि २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीच्या फटाक्यांना रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली. घरात त्याहून जास्त करता येतं. संध्याकाळ व्हायच्या आत फिरवून आणायचं. आतल्या खोलीत, रस्त्यापासून लांब, पलंगाखाली किंवा जुन्या सोलापुरी चादरीने झाकलेल्या टेबलाखाली त्याची जागा करायची. दार उघडं, म्हणजे आत-बाहेर करणं त्याच्या मर्जीवर. खिडक्या लावून पंखा आणि टीव्ही चालू ठेवायचे. गळ्यात फोन नंबर असलेला पट्टा घालायचा, कारण बिथरलेला कुत्रा दार किलकिलं दिसताच पळतो आणि परतीची वाट विसरतो. आणि प्रत्येक धमाक्यानंतर लगेच त्याचा सगळ्यात आवडता खाऊ. स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठातल्या श्टेफानी रीमर यांनी फटाक्यांबद्दल १,२२५ कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती गोळा केली. हा साधा उपाय केलेल्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणांना तो लागू पडल्याचं दिसलं. त्यांच्या पाहणीत तो आवाजाची सवय लावणाऱ्या ध्वनिफिती, अंगाला घट्ट बसणारे कपडे यांच्यापेक्षा सरस ठरला. ज्या पिल्लाला अजून भीती बसलेलीच नाही, त्याच्यासाठीही तो करावा. धसका बसल्यावर काढण्यापेक्षा बसू न देणं फार सोपं.

काही कुत्र्यांना एवढ्याने भागत नाही. ती लाळ गाळतात, थरथरतात, दार ओरबाडून नखं रक्ताळून घेतात, दुसऱ्या दिवशीही अन्नाला तोंड लावत नाहीत. त्यांच्यासाठी भीती शमवणारी चांगली औषधं आज पशुवैद्यकांकडे आहेत आणि ती घेण्यात कमीपणा काहीच नाही. मात्र नुसतं गुंगी आणणारं औषध मागू नये. काही जुन्या गोळ्यांनी शरीर लुळं पडतं, पण कानावर धमाके आदळत राहतात आणि आतली भीती तशीच राहते. योग्य औषध, योग्य मात्रा ठरवायला आणि ते एकदा शांत दिवशी देऊन पाहायला वेळ लागतो. म्हणून गड्ड्यासाठी डॉक्टरांकडे जायचं ते मार्गशीर्षात, नंदीध्वज निघाल्यावर नव्हे. आणि दिवाळीत गल्लीच्या कोपऱ्यावर कुत्री व्याली असेल, तर तिच्या पिल्लांपाशी जाऊन बसायला गड्ड्यापर्यंत नऊ-दहा आठवडे हाताशी असतात. रोज थोडा वेळ, मुलांना सोबत घेऊन, आईला आधी भाकरी देऊन.